यादी आणि गणना : पर्मियन अखेरीच्या ब्रॅकिओपोड-समुदायांच्या अभ्यासपद्धतीचे परीक्षण

पुराजीव महाकल्पाचा शेवट ज्या सामूहिक निर्वंशाने झाला त्याचा वृत्तांत सांगताना ब्रॅकिओपोड प्राण्यांच्या वाट्याला बहुधा एक ठराविक भूमिका येते. ऑर्डोव्हिशियन कल्पापासून पुढे वीस कोटींहून अधिक वर्षे उथळ समुद्रतळावर ज्यांचे प्राबल्य होते ते हे प्राणी पर्मियन कल्पाच्या अखेरीस थकलेले होते. द्विपुट शिंपल्यांपुढे ते आधीपासूनच मागे हटत होते. आणि सुमारे २५ कोटी १९ लाख वर्षांपूर्वी जे अरिष्ट कोसळले त्याने त्यांना केवळ अखेरचा धक्का दिला, असे हे कथानक आहे. एखाद्या राजघराण्याच्या ऱ्हासाची बखर वाचावी तसे ते वाचकाच्या मनात सहज उतरते. अशा कथानकाविषयी अभ्यासकाने थोडे सावध असावे हे बरे. ते ज्या पुराव्यावर उभे आहे तो पुरावा मुळात कोणत्या स्वरूपाचा आहे, आणि त्याला हा प्रश्न विचारता तरी येतो काय, याची चौकशी प्रस्तुत लेखात करावयाची आहे.

प्रश्न केवळ तपशिलाचा नाही. अरिष्टापूर्वीचे समुदाय जर खरोखरच खिळखिळे झाले असतील, तर निर्वंशाचे कारण लाखो वर्षे हळूहळू काम करणाऱ्या प्रक्रियांत शोधावे लागेल, आणि सैबेरियातील ज्वालामुखीय उद्रेकांना त्यात दुय्यम स्थान मिळेल. उलटपक्षी ते समुदाय धडधाकट असतील, तर धडधाकट समुदायांना अल्पावधीत नामशेष करणारे काय होते, एवढाच प्रश्न उरतो. या दोन निष्कर्षांतून समुद्राच्या दोन अगदी भिन्न प्रतिमा उभ्या राहतात. त्यांतील कोणती खरी हे ठरविण्याचे साधन म्हणून आपण आजवर मुख्यतः जातींच्या याद्या वापरीत आलो, आणि माझ्या मते घोटाळा येथेच आहे.

समुदाय ही कल्पना जीवाश्मशास्त्रात बाहेरून आली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात डेन्मार्कच्या पीटरसनने समुद्रतळाचे ठराविक क्षेत्रफळाचे नमुने उचलून त्यांतील प्राणी मोजले आणि तळाच्या प्रदेशांना त्यांत विपुल असणाऱ्या प्राण्यांवरून नावे दिली. कोणता प्राणी *आढळतो* यापेक्षा तो *किती* आढळतो, हा त्याच्या पद्धतीचा गाभा होता. १९६५ साली झीग्लरने वेल्स व त्याच्या सीमाप्रदेशातील आद्य सिल्युरियन थरांत किनाऱ्यापासून खोल पाण्याकडे जाणारे पाच समुदाय दाखविले आणि त्यांना लिंग्युला, इओसिलिया, पेंटामेरस, स्ट्रिकलँडिया व क्लोरिंडा या ब्रॅकिओपोडांची नावे दिली. तीन वर्षांनी कॉक्स आणि बॅमबाख यांच्यासह त्याने या समुदायांची संख्यात्मक घडण मांडली. हे पट्टे केवळ खोलीने ठरतात की तळाचा गाळ, पाण्याची हालचाल व अन्नपुरवठा यांनीही, यावर पुढे बराच वाद झाला आणि तो आवश्यकही होता. तथापि झीग्लरच्या कामाचे खरे मोल त्या पाच नावांत नाही. एकाच जातीची उपस्थिती दोन समुदायांत असू शकते, परंतु तिचे प्रमाण बदलते, आणि त्या प्रमाणातच पर्यावरण बोलते, ही गोष्ट त्याने खडकातून दाखवून दिली. पाच नावे पाठ करून प्रमाणाचा मुद्दा सोडून देणारे प्रबंध मात्र आजही लिहिले जातात.

आता पर्मियनकडे वळू. आपल्या उपखंडातील या अभ्यासाचा पाया विल्हेल्म वागेन यांनी घातला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काही वर्षे काम करून, प्रकृतीच्या कारणाने युरोपात परतल्यावर, त्यांनी ‘पॅलिऑन्टॉलॉजिया इंडिका’ या मालिकेत सॉल्ट रेंजच्या प्रॉडक्टस चुनखडकातील जीवाश्मांचे वर्णन १८७९ पासून प्रसिद्ध केले. त्यांतील ब्रॅकिओपोडांचे भाग १८८२ ते १८८५ या काळात आले. आज पाकिस्तानच्या पंजाबात असलेल्या या डोंगररांगेतील प्रॉडक्टस चुनखडकाचे त्यांनी खालचा, मधला व वरचा असे तीन विभाग केले. आज आपण त्यांना साधारणपणे अंब, वरगल व चिद्रू हे शैलसमूह म्हणून ओळखतो. वागेन यांचे वर्णन इतके काटेकोर आहे की शतकानंतरच्या संशोधकालाही त्यांच्या चित्रफलकांकडे पुन्हा पुन्हा जावे लागते. कवचावर नळीसारखे काटे असलेले आणि त्या काट्यांच्या आधाराने मऊ गाळात अर्धवट रुतून राहणारे प्रॉडक्टिड, पानाच्या शिरांसारख्या अंतर्भागाचे लिटोनिड, शंकूसारखे उभे वाढणारे व प्रवाळांची आठवण करून देणारे रिख्तोफेनिड : पर्मियन समुद्राची ही सारी नवलाई त्या पानांत आहे. थकलेल्या कुळाचे हे चित्र नव्हे, एवढे पहिल्या दृष्टिक्षेपातच जाणवते. परंतु दृष्टिक्षेप म्हणजे पुरावा नव्हे, आणि वागेन यांचा हेतू समुदाय मोजण्याचा नव्हताच. त्यांना जाती ओळखावयाच्या होत्या आणि थरांचा क्रम लावावयाचा होता. त्यासाठी चांगले नमुने निवडून गोळा करणे योग्यच होते. दोष त्यांचा नाही. त्यांच्या याद्या नंतर अशा प्रश्नासाठी वापरल्या गेल्या की ज्यासाठी त्या केल्याच नव्हत्या.

चिद्रू शैलसमूहाचा वरचा भाग याचे उत्तम उदाहरण आहे. मधल्या विभागातील विपुल ब्रॅकिओपोड वर जाताना विरळ होतात, बेलेरोफॉनसारखे शंख व द्विपुट शिंपले अधिक दिसू लागतात, आणि अगदी माथ्यावरच्या पांढऱ्या वालुकाश्मात ब्रॅकिओपोडांची संख्या फारच घटते. यादीत हे सरळ ऱ्हासासारखे दिसते. पण खडकाकडे पाहावे. वरगलचा चुनखडक स्वच्छ, उघड्या समुद्रातील आहे. चिद्रूत वाळूचे प्रमाण वाढत जाते. आणि माथ्याचा वालुकाश्म हा समुद्र अतिशय उथळ झाल्याचे लक्षण आहे. ज्या प्राण्याला स्थिर तळ आणि गढूळपणा कमी असलेले पाणी लागते, तो हलत्या वाळूवर राहावयास येणार कसा? संलक्षणी, म्हणजे खडक ज्या परिस्थितीत साचला तिच्या त्याच्या अंगी उरलेल्या खुणा, बदलली की समुदाय बदलतो. त्यासाठी कोणाचाही ऱ्हास व्हावा लागत नाही. समुद्र मागे हटला तेव्हा हे समुदायही बहुधा त्याच्याबरोबर सरकले, आणि आपण मात्र एका जागी उभे राहून ते संपले असे लिहिले.

याच छेदाचा पुढचा भाग अधिक बोलका आहे. वालुकाश्मावर ट्रायसिक मियांवाली शैलसमूहाचा काथवाई हा डोलोमाइटयुक्त उपविभाग येतो, आणि त्याच्या तळाशी पर्मियन धाटणीचे ब्रॅकिओपोड पुन्हा भेटतात. कुमेल व टायखर्ट यांनी १९७० मध्ये या सीमाथरांचे सविस्तर वर्णन संपादित केले. त्यातच रिचर्ड ग्रांट यांनी या ब्रॅकिओपोडांचा अभ्यास मांडला. खालच्या थरांतून उखडून आलेले शिंपले ते हेच, की जिवंतपणी येथेच राहिलेले, हा वाद त्यावर झाला. नाजूक काटे व पातळ पुटे धड राहिलेली असतील तर ती लाटांनी खडकातून उखडून पुन्हा गाळात टाकली हे मानणे कठीण जाते. पुढे कॉनोडोंटांच्या आधारे पर्मियन-ट्रायसिक सीमारेषा काथवाईच्या तळाऐवजी त्याच्या अंतर्भागात घेतली जाऊ लागली, तेव्हा या ‘मिश्र’ प्राणिसमूहाचे निदान काही अंशी तरी गूढ उरले नाही. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने यातून निघणारी गोष्ट साधी आहे. वालुकाश्मात जे ‘संपले’ होते ते समुद्र परतल्यावर काही काळ परत आले. ऱ्हासाची रेषा जर अशी तुटून पुन्हा जोडली जात असेल, तर ती रेषा प्राण्यांची होती की वाळूची?

संलक्षणीच्या या आक्षेपाला जोडून दुसरा आक्षेप येतो, आणि तो केवळ गणिताचा आहे. सिग्नर व लिप्स यांनी १९८२ मध्ये दाखवून दिले की एखादी जाती खडकात शेवटची जेथे सापडते ती जागा तिच्या खऱ्या अंताच्या जवळपास नेहमीच खाली असते, आणि जाती जितकी दुर्मीळ तितके हे अंतर मोठे. आपणच एक काल्पनिक हिशेब करून पाहू. समजा, एखादी जाती दर दहा थरांपैकी एका थरात सापडण्याइतकी दुर्मीळ आहे. ती सीमेपर्यंत जिवंत असली तरी सीमेखालच्या सलग पाच थरांत न सापडण्याची शक्यता ०.९ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ०.५९ येते. अशा शंभर जाती असतील तर त्यांतील एकोणसाठ सीमेपूर्वीच ‘नाहीशा’ झालेल्या दिसतील, आणि प्रत्यक्षात एकही झालेली नसेल. याउलट दहांपैकी सात थरांत सापडणारी विपुल जाती पाच थरांत अजिबात न सापडण्याची शक्यता हजारात दोन-तीनच आहे. पर्मियन ब्रॅकिओपोडांच्या बहुतेक याद्यांत मोजक्या जाती विपुल आणि बाकीच्या पुष्कळशा एकदोन नमुन्यांवर आधारलेल्या असतात. तेव्हा अचानक झालेला निर्वंशही यादीत उतरत्या जिन्यासारखा दिसणार हे अटळ आहे. यादीत सर्व जातींचे वजन सारखे धरले जाते. हजार पुटांची जाती आणि एका मोडक्या पुटाची जाती तेथे शेजारी शेजारी बसतात.

टेक्ससमधील ग्लास पर्वताचे उदाहरण येथे थोडक्यात घेतो. तेथील ब्रॅकिओपोडांची पुटे सिलिकेने बदललेली आहेत, त्यामुळे चुनखडकाचे मोठाले खंड आम्लात विरघळवून कूपर व ग्रांट यांनी ती अखंड बाहेर काढली आणि १९७२ ते १९७७ या काळात सहा भागांत त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. पर्मियन ब्रॅकिओपोडांचे याहून संपन्न दर्शन क्वचितच कोठे घडते. पण हे दर्शन मध्य पर्मियनबरोबर तेथे थांबते, कारण त्यानंतर तो समुद्र कोंडला आणि त्यात जिप्सम-मिठाचे थर साचले. जगाच्या पातळीवर केलेल्या आलेखात मध्य पर्मियनचे शिखर उंच आणि उत्तर पर्मियन बुटका दिसतो, त्यात या एका मिठागराचा वाटा किती, हे तपासल्याशिवाय त्या उतारावरून निष्कर्ष काढू नयेत.

एवढ्यावरून ‘थकलेले ब्रॅकिओपोड’ हा पक्ष संपूर्ण निराधार आहे असे म्हणता येईल काय? तसे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल, कारण त्याच्या बाजूचा सर्वांत गंभीर पुरावा याद्यांतून नव्हे, गणनेतून आलेला आहे. क्लॅफॅम व बॉटजर यांनी २००७ मध्ये मध्य व उत्तर पर्मियनमधील किनाऱ्यापासून दूरच्या, सिलिकीभूत नमुन्यांतील प्राणी प्रत्यक्ष मोजले. सिलिकीभूत नमुन्यांचा आग्रह येथे महत्त्वाचा आहे. बहुतेक ब्रॅकिओपोडांचे कवच कॅल्साइटचे असते आणि ते टिकते. पुष्कळ शंख-शिंपल्यांचे अरॅगोनाइटचे असते आणि ते लवकर विरघळते. साध्या चुनखडकात मोजणी केली तर ब्रॅकिओपोड नेहमीच खऱ्याहून अधिक बलाढ्य दिसतील. सिलिकेने दोघांनाही वेळीच वाचविले असेल तर मोजणी न्याय्य होते. या न्याय्य मोजणीत असे दिसले की मध्य पर्मियनमध्ये या दूरच्या तळावर ब्रॅकिओपोडांचे निर्विवाद संख्याधिक्य होते, आणि उत्तर पर्मियनमध्ये, म्हणजे निर्वंशापूर्वी कित्येक लाख वर्षे आधीच, ते स्थान मृदुकाय प्राण्यांकडे गेलेले होते.

हा निष्कर्ष मला मान्य आहे. मात्र तो जुन्या कथानकाला पाठिंबा देतो असे जे मानले जाते ते मान्य नाही. पहिली गोष्ट, हा बदल संख्याधिक्याचा आहे, जातींच्या नाशाचा नव्हे. त्याच काळात त्याच संशोधकांनी शेन शूझोंग यांच्यासह मध्य पर्मियन अखेरच्या तथाकथित स्वतंत्र निर्वंशाची फेरतपासणी केली (२००९), तेव्हा त्याची तीव्रता पूर्वी समजली गेली त्याहून बरीच कमी निघाली. स्टॅन्ली व यांग यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या ‘दुहेरी निर्वंशा’ची प्रतिमा ब्रॅकिओपोडांच्या बाबतीत तरी त्यामुळे फिकी पडली. दुसरी गोष्ट, हा बदल किनाऱ्यापासून दूरच्या तळावरचा आहे. दक्षिण चीनच्या उथळ चुनखडकांत चांगशिंगियन काळात ब्रॅकिओपोड चांगले नांदत होते. एकाच प्राणिगणाची स्थिती खोल पाण्यात एक आणि उथळ पाण्यात दुसरी असेल, तर कारण त्या गणाच्या अंगभूत दुबळेपणात शोधण्याऐवजी खोल पाण्यात शोधणे सयुक्तिक ठरते. आणि तेथील प्राणवायूची टंचाई हे कारण त्या संशोधकांनीच सुचविले होते. येथे एक विलक्षण विरोध लक्षात येतो. सीमेलगतच्या अखेरच्या काही मीटरांत यादी जो ऱ्हास दाखविते तो बव्हंशी संलक्षणीचा व नमुन्यांच्या तोकडेपणाचा खेळ आहे; आणि त्याच्या लाखो वर्षे आधी दूरच्या तळावर जो खरा बदल झाला त्याविषयी यादी मुकी आहे, कारण जाती तर सगळ्या हजर होत्या.

कवचांच्या आकाराविषयीही असाच विवेक हवा. दक्षिण चीनमधील खोल पाण्याच्या छेदांत सीमेकडे जाताना ब्रॅकिओपोड लहान होत गेल्याचे हे वेईहोंग व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखविले. तुलना एकाच प्रकारच्या पर्यावरणात केलेली असल्यामुळे हा पुरावा वजनदार आहे. तथापि ‘आकार घटला’ या शब्दांत चार वेगळ्या घटना दडू शकतात : मोठ्या जाती जाऊन लहान उरणे, एकाच जातीतील प्रौढांचा आकार कमी होणे, प्राणी पूर्ण वाढ होण्याआधीच मरणे, आणि प्रवाहाने लहान पुटे वेचून एकत्र टाकणे. पहिल्या तीन घटना जीवनाविषयी बोलतात, चौथी फक्त पाण्याच्या वेगाविषयी. वाढरेषा मोजल्या, अधर व पृष्ठ पुटांचे परस्परप्रमाण पाहिले, तर त्या वेगळ्या करता येतात. सरासरी लांबीचा एक आकडा देऊन थांबणारा लेख मात्र या चौघींना एका पोत्यात भरतो.

शिंपल्यांनी ब्रॅकिओपोडांना हटविले या स्पर्धेच्या उपपत्तीवर फार वेळ घालविण्याची गरज नाही. गूल्ड व कॅलोवे यांनी १९८० मध्ये दोन्ही गणांच्या दीर्घ इतिहासाची तुलना करून दाखविले की एकाच्या भरभराटीने दुसऱ्याची घट झाली असा संबंध निर्वंशापूर्वी दिसत नाही. निर्वंशानेच दोघांची नाती नव्याने ठरविली. ब्रॅकिओपोडांचे नुकसान इतके भयंकर का झाले याचे उत्तर त्यांच्या शरीरक्रियेत मिळते. नॉल, बॅमबाख, कॅनफील्ड व ग्रॉट्झिंगर यांनी १९९६ मध्ये मांडल्याप्रमाणे, मंद चयापचयाचे, कॅल्शियम कार्बोनेटचे जाड कवच बांधणारे व शरीरद्रवाची आम्लता सावरण्याची क्षमता कमी असलेले प्राणी कार्बन डायऑक्साइडच्या आकस्मिक वाढीपुढे अधिक असहाय होते. हाच मंदपणा शांत दिवसांत काटकसर ठरतो. नंतर प्राणघातक ठरलेल्या गुणाला आधीचा दुबळेपणा म्हणणे ही घटनेनंतरची शहाणीव झाली.

झेजियांग प्रांतातील मेशान येथील छेद २००१ पासून ट्रायसिकच्या तळाचा जागतिक प्रमाणछेद आहे. तेथील राखेच्या थरांवरून बर्जेस, बोरिंग व शेन यांनी २०१४ मध्ये निर्वंशाचा मुख्य टप्पा सुमारे साठ हजार वर्षांचा, आणि तोही अठ्ठेचाळीस हजार वर्षांच्या कमीजास्त फरकाने, ठरविला. भूवैज्ञानिक मापाने हा क्षण आहे. दीर्घ आजाराची कल्पना ज्यांना अजून आवरत नाही त्यांनी या आकड्याचे काय करावयाचे ते सांगितले पाहिजे.

आपल्या देशातील छेदांविषयी आता लिहावयास हवे. स्पितीमध्ये गुंग्री शेल व त्यावरील मिकिन चुनखडक यांच्यामध्ये लोहयुक्त पट्टा आहे आणि तेथे निक्षेपणात खंड पडलेला आहे. म्हणजे ज्या काळाबद्दल आपण विचारीत आहोत त्याची पाने तेथे फाटलेली आहेत. श्रीनगरच्या पूर्वेस खुनमूहजवळील गुर्यूल ओढ्याचा छेद मात्र जवळजवळ सलग आहे. नाकाझावा व सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये त्याचे जे वर्णन दिले त्यात झेवान शैलसमूहावर खुनमूह शैलसमूह येतो, आणि त्याच्या तळच्या ई१ या उपविभागात मार्जिनिफेरासारखे पर्मियन ब्रॅकिओपोड व क्लाराया हा पुढे ट्रायसिकमध्ये सर्वत्र पसरलेला शिंपला एकत्र आढळतात. जुने व नवे समुदाय एकाच थरात शेजारी असण्याचे हे दुर्मीळ स्थळ आहे, आणि त्याचा उपयोग आजवर मुख्यतः सीमारेषा कोठे घालावी या वादासाठी झाला. रेषा आता कॉनोडोंटांनी ठरविली आहे. यापुढे ई१ मधील प्रत्येक थराचे समान आकारमानाचे नमुने घेऊन, मार्जिनिफेराची अधर पुटे आणि क्लारायाची पुटे मोजून त्यांचे गुणोत्तर लिहून ठेवणे शक्य आहे. झेवानच्या माथ्यावरील वालुकामय थर व खुनमूहचा काळसर शेल यांची परस्परांशी तुलना करण्याचा मोह टाळावा. झेवानमध्येच जेथे शेलचे पदर आहेत त्यांतील गणनेशीच ई१ च्या गणनेची तुलना करावी. पृष्ठ पुटे पातळ असल्याने त्यांची मोजणी अविश्वसनीय ठरते. तेव्हा ती वेगळ्या रकान्यात ठेवावी, आणि एकही पुट न सापडलेल्या थराचीही नोंद शून्य म्हणून करावी, ती रिकामी सोडू नये.